नावापुढची खूण

ग्रंथालयात शिरलं की डाव्या हाताला, झेरॉक्सच्या यंत्राला खेटून एक टेबल आहे. त्यावर 'नियतकालिके : चौकशी' अशी पाटी आहे, पण ती वाचायची तसदी कुणी घेत नाही. येणारा प्रत्येक जण टेबलामागच्या बाईंना उभ्या उभ्या एकच विचारतो, "ऑनलाइन आहे का?" काय, कुठलं, कुठल्या सालचं, काही नाही. दुकानात जाऊन साखर आहे का विचारावं, तसं. या एका प्रश्नाला उत्तरं देता देता बाईंचं खरं नाव मागे पडलं आणि त्या झाल्या ऑनलाइन मावशी. नाव पाडलं विद्यार्थ्यांनी, उचललं शिपायाने, आणि एकदा भर बैठकीत मुख्य ग्रंथपालसाहेबांच्या तोंडूनही तेच निघालं. मावशींचा नवरा शिंपी. घरातच पुढच्या खोलीत त्याचं मशीन. त्याच्या कानावर हे गेलं तेव्हा पायडल थांबवून तो पोटभर हसला होता. "बाहेर ऑनलाइन मावशी, आणि घरून फोन केला तर एक उचलत नाहीस!"

मावशी मुळात बांधणी विभागातल्या. जर्नलचे सुटे अंक वर्षावर्षाने एकत्र शिवून त्यांना पुठ्ठा चढवायचा, हे त्यांचं काम. पुढे जर्नलं कॉम्प्युटरच्या पडद्यात गेली, रॅक रिकामे झाले, आणि डिंकाचा हात पुसून मावशींना या टेबलावर आणून बसवलं. कॉम्प्युटर त्या उशिरा शिकल्या, चुकतमाकत शिकल्या, पण एक गोष्ट त्यांना पहिल्याच महिन्यात कळली, जी भल्याभल्यांना कळत नाही. ऑनलाइन असणं वेगळं आणि आपल्याला उघडणं वेगळं. जर्नल आहे, पण जुने अंक नाहीत. जुने आहेत, पण चालू वर्षाला कुलूप आहे. कुलूप नाही, पण मधेच जर्नलने नाव बदललंय, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या मैत्रिणीसारखं ते जुन्या नावाने शोधून सापडत नाही. मावशी हे सगळं धुंडाळायच्या, आणि समोरच्याला पडद्यावर बोट ठेवून दाखवायच्या. नसलं तर "नाही" म्हणायच्या. त्यांचं "नाही" सुद्धा लोकांना आवडायचं, कारण ते शोधून आलेलं असायचं.

ड्रायव्हरकाका पहिल्यांदा आले ते भर दुपारी. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात चुरगळलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर शेजारच्या मुलीने एका इंग्रजी जर्नलचं नाव लिहून दिलेलं.

"ताई, हे ऑनलाइन आहे का?"

मावशींनी शोधलं. "आहे काका. आपल्याकडे उघडतंय. कुठला लेख हवाय?"

"ज्यात ह्याचं नाव असेल तो." चिठ्ठीच्या मागे एक नाव होतं.

नाव सापडलं, लेख उघडला. यंत्रांच्या कंपनांवरचा लेख. गणितं, आलेख, आकड्यांची रांगच रांग. काकांनी त्यातल्या एका अक्षराकडे बघितलं नाही. "खाली घ्या," म्हणाले. "आणखी खाली. एकदम शेवटी." त्या जर्नलची एक पद्धत होती. लेखाच्या शेवटी प्रत्येक लेखकाचा पोस्टाच्या तिकिटाएवढा फोटो आणि त्याच्याविषयी चार ओळी. काकांनी चष्मा चढवला, टेबलाच्या कडेला हात टेकून ते इतके पुढे वाकले की मावशींना खुर्ची मागे घ्यावी लागली.

"बारीक झालाय," काका म्हणाले.

तेव्हा मावशींच्या लक्षात आलं, की हा माणूस लेख वाचायला आलेला नाही.

त्यानंतर काका दर तीन महिन्यांनी, नवा अंक आला की यायचे. हळूहळू बोलायचेही. सिटी बसचे ड्रायव्हर म्हणून डेपोतून निवृत्त झालेले. एकुलता एक मुलगा. लहानपणी तो बाबांच्या मागच्या सीटवर बसून दिवसभर शहरभर फिरायचा, आणि इंजिनाचा आवाज बदलला की काका मागे न बघता विचारायचे, "सांग, काय दुखतंय हिचं?" मुलगा मोठा झाला, हुशार निघाला, शिकायला दूर देशी गेला. त्याची शेवटची परीक्षा चालू असताना इकडे त्याची आई गेली. काकांनी त्याला कळवलं नाही. परीक्षा संपल्यावर कळवलं. तो आला तेव्हा घरात आईची फक्त चप्पल होती.

"म्हणाला, तुम्ही माझी आई मला शेवटची बघू दिली नाहीत. मी म्हटलं, तुझ्याच भल्यासाठी. तो म्हणाला, माझं भलं ठरवणारे तुम्ही कोण? शब्दाने शब्द वाढला. मी म्हटलं, मग निघ." काका शर्टाची बाही सारखी करत राहिले. "तो निघाला. चांगल्यासाठी म्हणून दाबलेली बातमी असते ना ताई, ती कुजते. मग घरभर वास सुटतो."

लेखाच्या पहिल्या पानावर मुलाचा ईमेल पत्ता असायचा. मावशींनी एकदा धीर करून त्यावर बोट ठेवलं. "हा बघा. दोन ओळी लिहूया का? मी टाइप करते."

"त्याने आधी बोलावं," काका म्हणाले. "तोडलं त्याने. तो एक शब्द बोलू दे, मी दहा बोलेन."

"आणि तोही असंच म्हणत बसला असेल तर?"

"मग माझाच पोरगा आहे म्हणायचं." काका हसले, पण पत्ता काही लिहून घेतला नाही. त्यांचा हिशोब साधा होता. जर्नलमध्ये नाव छापून येतंय, म्हणजे पोरगा धडधाकट आहे, कामावर आहे. तेवढं कळलं की तीन महिने निघतात. मावशी शेवटच्या पानाचा प्रिंट काढून द्यायच्या. काका तो घडी करून खिशात ठेवायचे, पेनाच्या मागे. फोटोतला मुलगा वर्षावर्षाने बदलत होता. कपाळ मोठं होत गेलं, चष्मा आला. एकदा दाढी आली. काका चांगलेच रागावले. "ही कुणाला विचारून ठेवली?" म्हणून त्यांनी मावशींनाच जाब विचारला. पुढच्या लेखात दाढी नव्हती, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

आता मावशींनी एक केलं, आणि ते मायेपोटी केलं, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यांना बोल लावायचा मोह होईल. नियमाप्रमाणे वाचकाने हॉलमधल्या कॉम्प्युटरवर बसून स्वतःच्या पासवर्डने जर्नल उघडायचं असतं. पण काकांचा हात कापायचा, माउसचा बाण पडद्यावर चिमणीसारखा उड्या मारायचा, मागे पोरं ताटकळत उभी राहायची आणि काका ओशाळायचे. म्हणून मावशी त्यांना आपल्या टेबलाशीच बसवायच्या आणि आपल्याच यंत्रावर अंक उघडून द्यायच्या. कधी कधी तर काका यायच्या आधीच प्रिंट काढून ठेवायच्या.

आणि वर्षअखेरीला वर्गण्यांची छाटणी निघाली. पैसे कमी आले होते, काही जर्नलं बंद करणं भाग होतं. साहेबांनी कुठलं जर्नल किती वेळा उघडलं गेलं त्याचा तक्ता मागवला. काकांच्या जर्नलपुढे शून्य होतं.

"साहेब, हे वाचतात," मावशी म्हणाल्या.

"कोण वाचतं?"

"एक काका येतात. नेमाने येतात."

"मग आकडा का दिसत नाही?"

"ते माझ्या टेबलावर बसून..." आणि मावशींची जीभ अडखळली. कर्मचाऱ्यांच्या यंत्रांवरून उघडलेलं मोजणीत धरत नाहीत. आपणच बटणं दाबून आकडे फुगवू नयेत म्हणून तसा नियम आहे. नव्या आलेल्या प्रत्येक कारकुनाला तो मावशींनीच शिकवला होता.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने चष्मा काढून डोळे चोळले. "बाई, एका माणसासाठी मी एवढी वर्गणी कुठल्या तोंडाने मागू? आणि त्या एकाचाही कागदावर पत्ता नाही." करायला गेले गणपती आणि झाला मारुती. जर्नल गेलं. मावशी त्या दिवशी घरी जाऊन भांडी घासताना रडल्या. नवऱ्याला वाटलं हात कापला.

काका आले तेव्हा मावशींनी त्यांना सगळं खरं सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट. काका उलट त्यांचीच समजूत घालू लागले. जर्नलची अनुक्रमणिका मात्र सगळ्यांना फुकट बघता येते, ती मावशींनी उघडून दाखवली. लेखाचं शीर्षक, लेखकांची नावं दिसतात, आणि पुढे एक छोटंसं कुलूप. आत जायचं तर पैसे मोजा.

"नाव दिसतंय ना?" काका म्हणाले. "मग झालं."

"माझी एक मैत्रीण आहे दुसऱ्या ग्रंथालयात. त्यांच्याकडे हे जर्नल येतं. तिच्याकडून मागवते ना."

"एवढ्याशा फोटोसाठी कशाला कुणाचे पाय धरायचे? राहू द्या."

मावशींनी राहू दिलं. खरं सांगायचं तर त्यांना सुटल्यासारखं वाटलं. मैत्रिणीला मागायचं म्हणजे आपल्या हातून जर्नल कसं गेलं ते सांगायचं, आणि तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला ते जड जात होतं. एक फोन करायचा होता फक्त. तो त्यांनी केला नाही.

त्या वर्षात मुलाचं नाव एकदा आलं. मावशींनी शीर्षकाचा अर्थ सांगितला, की आवाज ऐकून यंत्रातला बिघाड ओळखण्याबद्दल काहीतरी आहे. काका खुर्चीत मागे रेलून हसले. "हे तर तो सात वर्षांचा असताना करायचा! त्याला आता एवढं लिहावं लागतं होय?" जाताना ते जिन्यावरही हसत होते. कुलूप तसंच राहिलं.

मग पुढे बरेच दिवस नाव नाही. एक अंक गेला, दुसरा गेला. काका म्हणायचे, "कामात असेल." तिसऱ्या अंकाला नाव आलं. काकांनी दोन्ही हात टेबलावर ठेवून सुस्कारा सोडला. मग डोळे बारीक करून पडद्याजवळ गेले.

"ताई, हे नावापुढे काय चिकटलंय?"

नावापुढे एक बारीक खूण होती, उभ्या खंजिरासारखी.

"खूण आहे काका. तिचा अर्थ लेखाच्या पहिल्या पानावर, तळाला दिलेला असतो."

"म्हणजे कुलपाच्या आत."

"हो." या खुणेचे अर्थ त्यांनी खूप पाहिले होते. लेखकाने नोकरी बदलली, लेखकाचा पत्ता बदलला, पत्रव्यवहार याच्याशी करावा. आणखीही एक अर्थ त्यांना माहीत होता. "पत्ता बदलला असेल," त्या म्हणाल्या.

"बढती मिळाली असेल," काका म्हणाले, आणि खूश होऊन गेले.

काकांची पाठ वळताच मावशींनी मैत्रिणीला फोन लावला. कुठे गेला होता हा फोन वर्षभर? मैत्रिणीने काही विचारलंसुद्धा नाही. "एवढंच ना? पाठवते," म्हणाली, आणि चहा निवायच्या आत दोन्ही लेख आले, आताचा आणि मधला.

मावशींनी आताचा आधी उघडला. पहिल्या पानाच्या तळाला ती खूण होती आणि तिच्यापुढे एक ओळ. या लेखकाचं लेख छापून येण्यापूर्वी, अल्पशा आजाराने निधन झालं. काम सहकाऱ्यांनी पूर्ण केलं. महिना दिला होता. शेवटच्या पानावर फोटो होता तोच, बिनदाढीचा. चार ओळी भूतकाळात होत्या.

मग त्यांनी मधला लेख उघडला, तो आवाजाचा. फोटोच्या वर, जिथे लेखक आभार मानतात, तिथे संस्थेचे आभार होते, सहकाऱ्यांचे होते आणि शेवटी एक वाक्य होतं. यंत्राचं ऐकायला मला माझ्या वडिलांनी त्यांच्या बसमध्ये शिकवलं. ते हे वाचतील असं वाटत नाही, पण मी अजून त्यांच्या मागच्या सीटवरच बसलेलो आहे.

मावशींनी दोन्ही लेखांचे महिने पाहिले. मुलगा आधी बोलला होता. बोलल्यानंतर कितीतरी दिवस जिवंत होता. एक मेल जाऊन त्याचं उत्तर येऊन, वर विमानाचं तिकीट काढायलाही वेळ उरला असता. तेवढे सगळे दिवस ते वाक्य कुलपाच्या आत पडून होतं आणि बाहेर त्याचा बाप जिन्यावर हसत होता. मावशींनी झेरॉक्सच्या यंत्राकडे तोंड फिरवलं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती कुठे नेऊन ठेवावी ते कळेना.

घरी नवऱ्याने मशीन बंद करून सगळं ऐकून घेतलं. "तो आताचा लेख दाखवूच नकोस," तो म्हणाला. "म्हातारा माणूस. मधला वाचून दाखव, सुखाने जाऊ दे घरी. कुणाचं काय बिघडतंय?"

"पुढच्या अंकाला येतील ना ते. नाव शोधत."

"सांग कामात असेल म्हणून."

"त्यांच्या भल्यासाठी?" मावशी म्हणाल्या. नवऱ्याला त्यात काय चुकलं ते कळलं नाही. तो पुन्हा कापडाकडे वळला.

मावशींनी निरोप पाठवला तसे काका दुसऱ्या दिवशी दार उघडतानाच हजर. इस्त्रीचा शर्ट. मावशींनी रात्री ठरवलं होतं, की आधी वाईट सांगायचं. पण काकांचा उत्सुक चेहरा समोर आला आणि त्यांच्या हातांनी आपण होऊन मधला लेख पुढे केला. माणसाचं असंच असतं. कडू आधी द्यायचं ठरवतो आणि गोडाचा डबा उघडतो. त्यांनी ते वाक्य आधी इंग्रजीत वाचलं, मग मराठीत सांगितलं.

काका म्हणाले, "परत सांगा." मावशींनी परत सांगितलं. काकांनी कागद हातात घेतला, त्यांना न वाचता येणाऱ्या त्या ओळीवरून अंगठा फिरवला आणि चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत बसले. चष्मा कोरडाच होता.

"बोलला," ते म्हणाले. "पोरगा आधी बोलला, ताई."

"काका..."

"आता मी थांबत नाही. लिहा. तो पत्ता काढा आणि लिहा. मी सांगतो."

मावशींनी मेलची खिडकी उघडली. का उघडली, हे त्यांना पुढेही कधी सांगता आलं नाही. काका ताठ बसले, दोन्ही हात मांडीवर, स्टिअरिंगमागे बसावं तसे.

"लिहा. चिरंजीवास अनेक आशीर्वाद. तुझं लिहिलेलं आज वाचलं. उशीर झाला, त्यात तुझी चूक नाही, इथे कुलूप होतं. आवाज तू बरोबर ओळखायचास, माझ्यापेक्षाही बरोबर. तुझी आई गेली तेव्हा मी तुला कळवलं नाही. ते चुकलं. तुझं भलं म्हणत होतो, पण खरं म्हणजे तुला ते सांगायची मला भीती वाटत होती. एवढंच. दाढी काढलीस ते बरं केलंस. ये. मागची सीट रिकामी आहे." काका थांबले. "जास्त झालं का?"

"नाही," मावशी म्हणाल्या. त्यांना पडद्यावरची अक्षरं धड दिसत नव्हती.

"मग पाठवा."

मावशींचा हात माउसवरून खाली आला. त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून आपली खुर्ची काकांच्या बाजूला आणली आणि त्यांच्या शेजारी बसल्या. इतक्या वर्षांत त्या टेबलाच्या त्या बाजूला कधी बसल्या नव्हत्या.

"काका, त्या खुणेचा अर्थ मला कळलाय."

"पत्ता बदललाय ना? मग नव्या पत्त्यावर पाठवा."

"नाही काका. पत्ता नाही बदलला." त्यांनी दुसरा लेख काढला आणि या वेळी शेवटचं पान न दाखवता पहिलंच पान समोर धरलं. तळाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि तिचा अर्थ सांगितला. एकदाच सांगितला, पण पूर्ण सांगितला, महिन्यासकट. मधला लेख केव्हाचा होता तेही सांगितलं, आणि ते जर्नल आपल्यामुळे बंद झालं होतं याची पुन्हा आठवण करून दिली.

काकांनी मान हलवली, डेपोत गाडी रद्द झाल्याचं सांगितल्यावर ड्रायव्हर हलवतात तशी. झेरॉक्सच्या यंत्रावर कुणीतरी पानामागून पान काढत होतं. एक विद्यार्थिनी टेबलाशी आली आणि "मावशी, ऑनलाइन आहे का?" म्हणून विचारून, दोघांचे चेहरे बघून मागे सरली. काकांनी खिशातून घडी केलेले जुने प्रिंट काढले, सगळे, आणि टेबलावर ओळीने मांडले. दाट केसांचा, मग कपाळ मोठं झालेला, चष्म्याचा, दाढीचा, बिनदाढीचा. शेवटच्याजवळ मधल्या लेखाचं, आभारांचं पान ठेवलं. त्यातलाही बिनदाढीचाच.

"मी कळवलं नाही म्हणून तो भांडला होता," काका म्हणाले. "आणि त्याचंही मला कुणी कळवलं नाही." मावशींना वाटलं आता ते आपल्याला बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं. पण ते वळून म्हणाले, "तुम्ही सांगितलंत. ते बरं केलंत."

पडद्यावर मेल तसाच उघडा होता. काकांनी त्याच्याकडे बघितलं.

"तरी पाठवा," ते म्हणाले.

मावशींनी पाठवलं.